न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं

निवृत्त झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी घरातले सगळे डबे तीनदा घासून पुन्हा लावले. तिसऱ्या वेळी आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, आता माझ्यावरही लेबल चिकटवशील, त्याआधी बाहेर काहीतरी काम बघ. मला राग आला. पण माणूस खरं बोलत होता, म्हणून जास्तच आला. भाईंदर पश्चिमेला पालिकेच्या मराठी शाळेत मी उभी हयात शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. टाचणं, घटक चाचण्या, तपासणीच्या फायली, सगळं बोटांवर होतं. असल्या बाईला घरात बसवून ठेवणं म्हणजे घरच्यांचेच हाल.

अशातच एका दुपारी दारात एक बुरख्यातल्या बाई उभ्या राहिल्या. हातात खजुराचा डबा. समोरच्या फ्लॅटचं दार बोटभर उघडलं, ते मी पाहिलं आणि मुद्दाम मोठ्यानं माझ्या हिंदीत म्हणाले, "आइए, बैठिए, पानी पिएंगे?" त्या आत आल्या, नकाब वर केला आणि म्हणाल्या, "पाणी नको, बाई. तुमचं माहेर रत्नागिरीकडचं ना? माझंपण." माझी हिंदी तिथल्या तिथे संपली आणि मला अगदी हलकं हलकं वाटलं.

त्या काशीमीऱ्याच्या अलीकडे एका मुलींच्या निवासी मदरशाच्या मुख्य होत्या. मुली त्यांना बडी आपा म्हणत, पुढे मीही आपाच म्हणायला लागले. माझं नाव त्यांना माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं दिलं होतं. त्यांचं काम थोडक्यात असं होतं: मदरशाच्या कमिटीच्या मागे लागून लागून त्यांनी तेरा मुलींसाठी मराठी आणि गणिताचा वर्ग सुरू केला होता. एका वर्षाची परवानगी. वर्षाच्या शेवटी कमिटीला फरक दिसला तर वर्ग चालू, नाहीतर बंद.

"शिकवायला दोन मुली ठेवल्यात," आपा म्हणाल्या. "पण शिकवलेलं पोचतंय का, ते बघणारं कोणी नाही. ते तुम्ही बघा."

मी विचारलं, मराठीच का एवढं? त्यांनी खजुराचा डबा माझ्याकडे सरकवला. मग सांगितलं की त्या बोलतात मराठी, पण वाचता येत नाही. नवव्या वर्षी मदरशात आल्या, अरबी आणि उर्दू सरसर वाचतात, अख्खं कुराण पाठ आहे. एकदा गावी आईला ताप भरला म्हणून दवाखान्यात घेऊन गेल्या. दार बंद. दारावर पाटी होती, आज डॉक्टर येणार नाहीत. "त्या पाटीखाली मी आईला मांडीवर घेऊन दोन तास बसले, बाई. कोणीतरी येईल म्हणून. माझ्या मुलींनी असं बसायला नको." मी त्यांना म्हटलं, तुम्ही आधी शिका, मी शिकवते. त्या हसल्या, म्हणाल्या माझी पाटी आता भरली, मुलींची कोरी आहे.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षात बसलेसुद्धा. सोसायटीतल्या एकदोघींनी विचारलं, तू मदरशात काय करणार गं? म्हटलं, शाळेत काय करत होते, तेच. आणि खरंच, काय सांगू, माझा उत्साह नुसता उतू चालला होता. गॅरेजांच्या रांगेमागची चार मजली इमारत, बाहेर ट्रकांचे हॉर्न, आत शंभरेक मुलींचं एकाच वेळी चाललेलं पठण. तेरा मुली, बारा ते पंधरा वर्षांच्या, पाठ ताठ, डोळे माझ्यावर. इतकं ऐकणारा वर्ग मला आख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता. आठवड्याभरात मी सगळं उभं केलं. मासिक नियोजन, रोजचं टाचण, हजेरी, दर महिन्याला घटक चाचणी, भिंतीवर प्रगती तक्ता. मराठी शिकवणारी छोटी आपा जेमतेम बावीस वर्षांची, बिचारी माझ्यापुढे उभ्या उभ्या लिहून घ्यायची. प्रत्येक धड्याची प्रश्नपेढीही मी तयार करून दिली. यातलेच प्रश्न येतील, नीट तयार करा, असं मुलींना बजावलं. आमच्याकडे तपासणी आली की आम्ही हेच करायचो.

पहिल्या चाचणीत सगळ्या मुलींना वीसपैकी अठराच्या पुढे. दुसरीत एकोणीसच्या पुढे. तिसरीत मी पेपर तपासताना लाल पेन खाली ठेवलं आणि आमच्या ह्यांना हाक मारली. बघा म्हटलं, आमच्या शाळेत अशी पोरं कधी पाहिलीत? अक्षर एकसारखं, वाक्यं पूर्ण, शुद्धलेखनाची एक चूक नाही. मी तक्ता रंगीत खडूंनी सजवला, त्याचा फोटो काढून आपांना दिला आणि आपांनी तो कमिटीला पाठवला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की मी आले आणि चार महिन्यांत या मदरशाचा कायापालट केला.

चौथ्या चाचणीला मी तिथे नव्हते. आमच्या ह्यांची दाढ काढायची होती, म्हणून सकाळी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा छोट्या आपाच्या हातात देऊन मी रिक्षा तशीच फिरवली. गडबडीत मी गठ्ठा चुकीचा दिला होता. मदरशाची चाचणी सुतारपक्ष्याच्या धड्यावर होती. मी दिली ती शेजारच्या मुलीच्या शिकवणीसाठी काढलेली पत्रिका, मिठागरावरचा न वाचलेला उतारा आणि त्याखाली पाच प्रश्न.

दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका घेऊन बसले. पहिला प्रश्न होता, मीठ कसं तयार होतं? उत्तर: सुतारपक्षी आपल्या चोचीने झाडाचे खोड पोखरतो. दुसरा प्रश्न, मिठागरातले मजूर पायांची काळजी कशी घेतात? उत्तर: सुतारपक्ष्याची जीभ लांब व चिकट असते. मी खो खो हसले. ही कोण अर्धवट, म्हणून नाव बघितलं आणि दुसरा पेपर घेतला. तिथेही जीभ लांब व चिकट. तिसऱ्यातही. सातव्या पेपरापर्यंत माझं हसू गेलं होतं. तेराच्या तेरा मुलींनी, माझ्या प्रश्नपेढीच्या क्रमानं, न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं स्वल्पविरामासकट बरोबर लिहिली होती. समोर छापलेला प्रश्न एकीनंही वाचला नव्हता. वाचला नव्हता म्हणजे काय, तिला तो वाचताच आला नव्हता.

रात्रभर डोक्यात तिडीक. सकाळी जाऊन मी जो आवाज चढवला तो पहिल्या मजल्यापर्यंत गेला असणार. छोट्या आपाला नको ते बोलले, ती रडायला लागली. मुलींना म्हटलं, तुम्ही मला फसवलंत. तेरा माना खाली. शेवटी मागच्या ओळीतली एक उभी राहिली. महाडकडची, उंच, हडकुळी, हजेरीत नववी. ही पोर एरवी तोंड उघडायची नाही, आणि नवं माणूस समोर आलं की हिचे शब्द गळ्यातच अडकायचे. ती फरशीकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही दिलं ते आम्ही पक्कं केलं. तुम्हीच बोललात ना, हेच येणार."

मी खाली बसले. चूक दोन्हीकडची होती, पण सुरुवात माझी. यांच्याकडे पाठांतर म्हणजे इबादत. दिलेलं अक्षर हलता कामा नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आणि मी त्यांच्या हातात प्रश्नपेढी ठेवली. त्यांनी अख्खं पुस्तक पाठ केलं, पार प्रश्नांच्या आकड्यांसकट.

आपांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, तो तक्ता कमिटीकडे गेलाय ना? मी म्हटलं गेलाय, पण आपण गप्प राहू, मदरशाचं वर्ष रमजानच्या सुट्टीला संपतं, त्याला तीन महिने आहेत, तोवर सावरून घेऊ, कोणाला कळणार आहे. मी मुख्याध्यापिका होते हो, असं सावरून घ्यायला मी अनेकांना शिकवलंय.

"नाही, बाई," आपा म्हणाल्या. "बंद व्हायचा तर खऱ्यावर बंद होऊ दे."

त्या स्वतः जाऊन सांगून आल्या. कमिटीचे अध्यक्ष लाकडाचे जुने व्यापारी, घरी गुजराती, बाहेर हिंदी. वयानं मोठे आणि तापट. ते चिडले. सुट्टीआधी बाहेरचा परीक्षक येईल, म्हणाले, एकेका मुलीला समोर बसवून कधी न पाहिलेला मराठी कागद वाचायला देईल. तेरापैकी एक जरी अडली तरी वर्ग बंद. आपा मान्य करून परत आल्या. मी त्यांना म्हटलं की तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, उद्या पहाटेच्या नमाजनंतर या, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय.

पहाटे रिक्षा मिळता मिळेना. पोचले तर वरच्या मजल्यावर पाठांतराचा वर्ग भरलेला. मला कोपऱ्यात खुर्ची दिली. मी बघायला बसले आणि अर्ध्या तासानं पदर सावरून पुढे सरकले. शिकवणाऱ्या आपासमोर एकेक मुलगी येत होती. एकटी. आधी काल दिलेला नवा भाग ऐकवायचा, त्याला सबक म्हणतात. मग गेल्या काही दिवसांतला. मग खूप मागे झालेला, त्याचं नाव आमुख्ता. अडखळली की आपा त्या मुलीच्या प्रतीत पेन्सिलीनं बारीक खूण करायच्या. उद्या बसल्या बसल्या पहिली विचारणा त्या खुणेची. ती सुटेपर्यंत पुढचं पान नाही, मग बरोबरीची कितीही पुढे जाऊ दे. आणि मागे भिंतीशी मुली दोघी दोघी बसून एकमेकींचं ऐकत होत्या. एक चुकली की दुसरी तिथेच थांबवायची.

अहो, आम्ही प्रशिक्षणं घेतली, चार्ट रंगवले, कोणतं मूल कुठे अडलंय ते शोधायला पुस्तिका भरल्या. आणि मला माझ्या वर्गातलं एक तरी मूल नेमकं कुठल्या शब्दाला अडतं ते माहीत होतं का? इथे शंभर मुलींपैकी प्रत्येकीची अडलेली जागा रोज कोणीतरी ऐकत होतं. हे सगळं यांच्या घरात होतं आणि मी बाहेरून फायली घेऊन आले होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला. आपांचा हात धरला आणि म्हटलं, हेच करायचं, मराठीला हेच.

त्या दिवशी प्रश्नपेढ्या मी स्वतः फाडल्या. प्रगती तक्ताही काढला. आता रोज प्रत्येक मुलीला एक नवा कागद. मी कागद गोळा करायचा सपाटा लावला. पाणी बंद राहील अशी सोसायटीची नोटीस, औषधाच्या बाटलीबरोबरचा घडीचा कागद, चिवड्याच्या पाकिटाची मागची बाजू, लग्नपत्रिका, बचतगटाचं पत्रक, पेपरातली हरवल्याची जाहिरात. आमचे हे म्हणाले, घरात रद्दी उरली नाही, आता मला वाच. प्रत्येक मुलगी एकटी समोर येऊन वाचणार, अडेल तिथे पेन्सिलीची खूण, उद्या आधी ती खूण. वाचून झालं की काय लिहिलंय ते आपल्या घरच्या बोलीत सांगायचं, कागदातले शब्द वापरायचे नाहीत. ही शेवटची अट छोट्या आपाची. मी इतकं बोलूनही तिनं ती सुचवली, म्हणून मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली.

शनिवारी आम्ही शिकवणाऱ्या सगळ्या चटईवर बसायचो, पाठांतराच्या आपासुद्धा. कोणाचं किती झालं हे विचारायचंच नाही. कोण कुठे अडतंय आणि का, एवढंच. पाठांतराच्या आपांनी एकदा सांगितलं की तुमची सहावी मुलगी मराठीत जोडाक्षराला डोळे बारीक करते, माझ्याकडेही करते. डोळे तपासले, चष्मा लागला. आठ दिवसांत पोरगी भराभर वाचायला लागली. मी घरी जाऊन ह्यांना तीनदा सांगितलं.

आणि मुलींना तर वाचायचं वेडच लागलं. खिडकीतून ट्रकांच्या पाठी वाचायच्या. मधल्या सुट्टीत डाळीच्या पिशवीवरचं वाचायच्या आणि मिठाच्या पुडीवरून भांडायच्या. मी गेले की घोळका व्हायचा, मॅडम, आज काय आणलंय? इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या पर्समध्ये कोणी असं डोकावलं नव्हतं. फक्त नववीची काळजी होती. जोडीदारणीजवळ ती छान वाचायची, समजून वाचायची. छोट्या आपापुढेही वाचायची. पण मुद्दाम अनोळखी म्हणून माझ्या एका जुन्या सहकारी बाईंना आणलं, तर ही पहिल्या ओळीतच गप्प. आपा रोज तिच्याजवळ बसायच्या. काही शिकवायच्या नाहीत, कारण त्यांना ते अक्षर येत नव्हतं. नुसत्या ऐकायच्या.

परीक्षेच्या दिवशी अध्यक्ष आले, आणखी दोघे आले, आणि परीक्षक आले, एका हायस्कूलमधून निवृत्त झालेले मराठीचे मास्तर. ऑफिसात टेबल लावलं. दाराजवळ मी आणि आपा. एकेक मुलगी आत जात होती. बँकेचं पत्रक, एसटीची सूचना, हस्ताक्षरातलं पोस्टकार्ड. पहिली आठ वाचून आली तेव्हा मी आपांचा हात इतका दाबला की त्यांची अंगठी माझ्या बोटात रुतली. नववी आत गेली. दार उघडं होतं. मला तिची पाठ दिसत होती. आवाज नाही. मास्तर बिचारे दोनदा म्हणाले, वाच बाळा, घाई नाही. काहीच नाही. दहा मिनिटांनी त्यांनी तिला जाऊ दिलं आणि ती बाहेर येऊन दाराच्या आडोशाला भिंतीला टेकून उभी राहिली. बाकीच्या चौघी वाचून आल्या. मला एकीचंही ऐकू आलं नाही.

मास्तरांनी तिथेच अहवाल लिहिला, शाईच्या पेनानं, जुन्या वळणाच्या अक्षरात, आणि अध्यक्षांपुढे सरकवला. अध्यक्षांनी तो लांब धरला, जवळ धरला, मराठी हस्ताक्षर त्यांच्या वाचण्यातलं नव्हतं. त्यांनी कागद आपांकडे दिला आणि पढ़िए म्हणाले. आपांनी तो घेतला. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वळल्या आणि तो दाराआड उभ्या असलेल्या नववीच्या हातात ठेवला. ती सगळ्यांत जवळ होती म्हणून, की मुद्दाम, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "मला वाचता येत नाही गं. तू सांग काय लिहिलंय."

पोरीनं ओढणीनं नाक पुसलं आणि कागद दोन्ही हातांत धरला. आपांकडे तोंड करून वाचायला लागली, जणू खोलीत दुसरं कोणी नव्हतंच. "निवासी मदरशातील तेरा विद्यार्थिनींची मराठी वाचनाची तोंडी परीक्षा घेण्यात आली." आवाज आधी बारीक, मग लागला. पुढे काय येणार ते मला कळलं आणि तो कागद तिच्या हातून ओढून घ्यावा असं झालं. आपांनी माझं मनगट धरून ठेवलं. "बारा विद्यार्थिनी उत्तीर्ण. विद्यार्थिनी क्रमांक नऊ..." ती थांबली. मग पुढे वाचलं, "...विद्यार्थिनी क्रमांक नऊ, वाचनात अनुत्तीर्ण." एकही अक्षर न अडखळता. मग तारीख वाचली, सही वाचली आणि आपांना त्यांच्या बोलीत सांगितलं, बारा जणी पास, एक वाचनात नापास, तिला वाचायला नाय आलं.

अध्यक्षांना वाचलेलं सगळं कळलं होतं. त्यांनी विचारलं, नऊ नंबर कौन है?

"मी," ती म्हणाली.

अध्यक्षांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी हात पुढे करून कागद परत मागितला आणि शाईच्या पेनाचं टोपण काढलं.